राउटरचा कौल

आमच्या घरात नेट गेलं की पहिली हाक मला यायची. नवरा बाथरूममधून ओरडायचा, दीर पलीकडच्या हॉलमधून, मुलगी अभ्यासाच्या नावाखाली जे काही चाललं असेल तिथून, आणि या सगळ्यांच्या वरताण सासूबाईंचा आवाज, "गो थोरले, नेट खंय गेला?" जणू मीच ते पदराखाली लपवून ठेवलंय. मी तव्यावरची भाकरी तशीच सोडून स्टुलावर चढायची, कपाटावरच्या राउटरचे दिवे बघायची, एक वायर काढून पुन्हा लावायची आणि उतरताना म्हणायची, "बघा आलं का." यायचं. मग मी भाकरीकडे परत जाताना तोंडाचा पट्टा सोडायची, की या घरात एकाही माणसाला स्टुलावर चढता येत नाही, सगळं मेलं मीच बघायचं. ती हाक म्हणजे या घरातली माझी जागा आहे, हे धाकटी जाऊ घरात येईपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

बोरिवलीला आमचे दोन छोटे फ्लॅट शेजारी शेजारी आहेत. सासरे गिरणीतून सुटले तेव्हा एक घेतला, पुढे नवरा नोकरीला लागल्यावर शेजारचाही मिळाला, आणि मधली भिंत दाराएवढी पाडून दोन्ही जोडले. तिथे दार मात्र कधी बसवलं नाही. अलीकडे आम्ही तिघं, पलीकडे दीर, आणि सासूबाईंचा दिवाण बरोबर त्या पाडलेल्या भिंतीच्या तोंडाशी. तिथे बसून त्यांचं दोन्ही घरांवर लक्ष असतं. एका घरात फोडणी पडली की दुसऱ्या घरात ठसका लागतो, आणि कुठेही कुणी काही बोललं तरी दोन्हीकडे ऐकू जातं. इंटरनेट एकच, आमच्या बाजूला घेतलेलं.

मी सहकारी बँकेत कॅशला बसते. कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणाल तर बँकेने दिलं तेवढंच. पण घरून काम करायचे ते दिवस आले, सगळे घरात कोंडलेले, सगळ्यांना एकाच वेळी नेट हवं, आणि केबलवाला फोनवर "मॅडम, इधर से सब बराबर है" यापलीकडे काही बोलेना. तेव्हा मी चिडून राउटरच्या आतलं पान उघडलं आणि एकेक करत शिकले. चुकत शिकले, घरच्यांच्या शिव्या खात शिकले. एकदा दिवसभर अख्खं घर बंद पाडलं होतं, त्याची आठवण नवरा अजून काढतो.

त्यात मला कळलं ते असं. घरातल्या नेटवर जे जे येतं, फोन, टीव्ही, प्रिंटर, दिराचा लॅपटॉप, त्या प्रत्येकाला एक नंबर लागतो. नंबर नसेल तर ती वस्तू दाराबाहेरच उभी. हे नंबर कुणीतरी एकाने वाटायचे असतात. पंगतीत पाट मांडणारा एकच असावा लागतो, तसं. दोघांनी आपापल्या मनाने मांडायला घेतले की एकाच पाटावर दोन पाहुणे येतात आणि जेवण राहतं बाजूला. बहुतेक घरांत हे काम राउटर गुपचूप करतो आणि घरच्यांना त्याचा गंधही नसतो. आमचा राउटरही करत होता, पण कुणाला कुठे बसवायचं ते मी त्याला सांगून ठेवलं होतं.

सासूबाईंच्या फोनला मी अकरा नंबर दिला, कायमचा. अकरा शुभ, असं माझं आपलं. मग नवरा, मग दीर, मग मुलगी, मग मी. टीव्ही आणि प्रिंटर शेवटी, कारण ती काही घरची माणसं नव्हेत. राउटरच्या त्या पानावर माझं कुटुंब ओळीने बसलेलं दिसायचं. मला ते पान बघायला आवडायचं. कधीकधी काही कारण नसताना उघडून बघायची आणि बंद करायची.

धाकटी मुलुंडची. पवईला एका मोठ्या कंपनीत ती असल्याच कामाला आहे, हे लग्न ठरताना कानावर आलं होतं, पण पवईला काय, सगळेच कसल्यातरी मोठ्या कंपनीत असतात. ती माप ओलांडून घरात आली त्या संध्याकाळी मी कौतुकाने म्हटलं, "आण गं तुझा फोन, तुला नंबर देते." तिने फोन दिला, माझ्या खांद्यावरून डोकावून बघितलं आणि मेंदीच्या हातांनी टाळी वाजवली.

"वहिनी, तुम्ही नंबर रिझर्व्ह करून ठेवता? झकास! नंबरांची रेंज कितीपासून कितीपर्यंत ठेवलीय?"

इतक्या वर्षांत या घरात मला कुणी रेंज विचारली नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी तिला दिराच्या शेजारचा नंबर द्यायच्या ऐवजी प्रिंटरच्या नंतरचा देऊन टाकला.

ती वाईट असती तर फार सोपं झालं असतं. उर्मट असती, आळशी असती, स्वयंपाकघरात पाय न टाकणारी असती, तर मी बँकेत जेवणाच्या सुट्टीत चार जणींना सांगून मोकळी झाले असते. पण ही सकाळी सगळ्यांच्या आधी उठून चहा टाकते. माझ्या मुलीला गणित शिकवते. मी सांताक्रूझची, घरात पुस्तकी मराठी बोलणारी. इतकी वर्षं या घरात काढून मला मालवणीतलं 'खंय' आणि 'कित्याक', म्हणजे कुठे आणि कशाला, याच्या पुढे जाता आलेलं नाही. हिने वर्षभराच्या आत सासूबाईंशी मालवणीत भांडायला सुरुवात केली. मी अजून "अहो आई" म्हणते. ती पहिल्या आठवड्यापासून "अगं आई", आणि मग त्याचंही "गो आये" झालं. सासूबाई त्यावर अशा हसतात की मी भाजी चिरता चिरता सुरी जरा जोरात चालवते.

एका रविवारी तिने एक काळा डबा आणला, पोळ्यांच्या डब्याएवढा. घरातला सर्व्हर. सगळ्यांचे फोटो त्यात राहतील, गावच्या जुन्या लग्नाच्या कॅसेटी उतरवून ठेवता येतील, आणि मुख्य म्हणजे तो जाहिराती अडवेल. सासूबाई दुपारी फोनवर भजनं ऐकतात. ऐन रंगात आलेल्या भजनात एक बाई येऊन गुडघ्याच्या तेलाबद्दल बोलू लागते, आणि सासूबाई तिला अस्सल मालवणीत जे सुनावतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती बाई कायमची बंद होणार म्हटल्यावर सासूबाईंनी डब्याला हळदकुंकू लावलं.

इथपर्यंत मी गप्प होते. संध्याकाळी धाकटी माझ्याकडे आली.

"वहिनी, एक विचारू? नंबर वाटायचं काम आपण राउटरकडून काढून या सर्व्हरला देऊ या का?"

"का? राउटरने काय घोडं मारलंय?"

"तसं नाही हो. तो बिचारा करतोय नीट. पण सर्व्हरकडे दिलं ना, की सगळं एका जागी येईल. कुठला फोन आहे, कुठला नाही, कोण नेट खातंय, सगळं दिसेल. राउटर एवढं दाखवत नाही."

"आणि तुझा डबा बंद पडला तर? राउटर चालू, बाहेरून नेट चालू, आणि घरात कुणाला नंबरच नाही. म्हणजे अन्न शिजलेलं आणि घर उपाशी."

"बंद कशाला पडेल, वहिनी?"

माझा मुद्दा बरोबर होता. तो बरोबर नसता तरी मी तितक्याच जोरात मांडला असता, हेही खरं. मला सर्व्हरची भीती नव्हती. राउटरच्या त्या पानावर माझ्या ओळीने बसवलेली माझी माणसं उठून तिच्या पानावर जाऊन बसणार होती, आणि मग हाक तिला जाणार होती. हे मी कुणाला सांगणार? 'मला जळायला होतंय' असं म्हणायची काही सोय असते का घरात?

मग तो वाद चालूच राहिला. जेवताना, कपडे वाळत घालताना, ती पलीकडून आणि मी अलीकडून. ती नम्रपणे, मी टोमण्याने. नवरा एकदा वैतागून म्हणाला, "दोन्ही चालू ठेवा ना यार, कशाला डोकं खाताय?"

"दोन्ही नाही चालत!" आम्ही दोघी एकदम ओरडलो. त्या सगळ्या प्रकरणात आमचं एकमत झालं ते तेवढ्यापुरतं.

सासूबाई दिवाणावर बसून सगळं ऐकत होत्या. एके सकाळी अंघोळ करून, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून त्या देव्हाऱ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "पुरे झाला तुमचा. देवाक इचारूया."

कौल लावायचा म्हणजे काय ते कोकणातल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. गावच्या देवळात देवाच्या पाषाणावर दोन बाजूंना ओली पाकळी किंवा पान चिकटवतात आणि देवाला प्रश्न घालतात. उजवं पडलं तर देवाचा होकार, डावं पडलं तर नकार. गावात हे काम गुरवाचं, बायकांनी त्यात हात घालायची पद्धत नाही. सासूबाईंनी मात्र बोरिवलीत स्वतःचा कौल सुरू केलेला आहे. गावाहून आणलेला एक गुळगुळीत काळा दगड देव्हाऱ्यात आहे, त्याला त्या तगरीच्या पाकळ्या लावतात. मुलीची शाळा बदलायची की नाही, हे त्यावर ठरलं. दिराने बुलेट घ्यायची नाही, हेही. देवाचा गुरव गावात आणि आपण इथे, मग देवाने अडून राहावं काय, असं त्यांचं म्हणणं.

तर पाकळ्या लागल्या. नवरा आणि दीर हाफपँटवर हात जोडून मागे उभे राहिले, कारण गाऱ्हाण्याला मधेमधे "व्हय म्हाराजा" म्हणायला पुरुष लागतात. सासूबाईंनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, ह्या घरात दोन सुनो आसत. दोघींयेचा बरा कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," दोघे भाऊ म्हणाले.

पुढे मात्र त्यांनी आवाज खाली घेतला. ओठ हलत होते, पण काय मागत होत्या ते कुणाला कळलं नाही. मध्ये एकदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. भावांनी आपलं अंदाजाने "व्हय म्हाराजा" ठोकून दिलं. मी त्या उजव्या पाकळीकडे बघत होते. डबा जिंकला तर उजवी पडणार, असं मी धरून चालले होते, आणि डाव्या पाकळीला मनातल्या मनात हाताने ढकलत होते. धाकटी डोळे मिटून उभी होती. पंखा बंद होता, कुणी हललंसुद्धा नाही, आणि उजवी पाकळी सुटून खाली ताम्हनात पडली.

"देवान उजवो दिल्यान," सासूबाई म्हणाल्या. "धाकटेच्या डब्याक दिया ता काम."

देवाने पवईची बाजू घेतली. मी पदर खोचला आणि भाकऱ्या करायला गेले. तव्यावर टाकलेली पहिली भाकरी करपली, तर ती मी मुद्दाम सासूबाईंच्या ताटात वाढली. त्यांनी ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.

दुपारी धाकटी लॅपटॉप घेऊन माझ्या शेजारी बसली. राउटरचा पासवर्ड फक्त मला ठाऊक होता. तो मी तिला सांगितला नाही, एका हाताने झाकून मीच टाकला. ते पान उघडलं. तिने नंबर वाटण्याच्या खटक्यापर्यंत पान सरकवलं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"वहिनी, हा खटका तुम्हीच बंद करा. तुम्ही चालू ठेवलेला आहे ना इतकी वर्षं."

तिच्या मनात मला मान द्यायचा होता. मला मात्र वाटलं, आपल्याच हाताने आपलं ताट उचलायला लावतेय. मी खटका बंद केला. पानावरची ती ओळ फिकट झाली, अकरा नंबरसकट.

आणि मग सगळं सुरळीत चाललं, हे तर आणखी वाईट. तिने माझेच नंबर तसेच्या तसे सर्व्हरवर घेतले, तरी मी 'माझेच उचलले' म्हणून मनात धरून ठेवलं. गुडघ्याच्या तेलवाली बाई भजनातून नाहीशी झाली. सासूबाई येईल त्याला डबा दाखवू लागल्या. दुधवाल्याला दाखवला, वरच्या मजल्यावरच्या मावशींना दाखवला, भांडुपहून आलेल्या त्यांच्या बहिणीला तर वायर कुठून कुठे जाते तेही समजावून सांगितलं. "माजी धाकटी सून. सगळा घर हेच्यातसून चालता." मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. थोरल्या सुनेने आधी पाच-सहा वर्षं हेच घर एका कपाटावरून चालवलं होतं, पण ते कुणी पाहुण्यांना दाखवलं नव्हतं. कपाटावर काय दाखवणार म्हणा, धूळ?

नेट काही वेळा गेलं. बाहेरूनच गेलं, केबलवाल्याचं. हाक पलीकडे गेली, "गो धाकटे!" आणि धाकटी पळत आली. मी स्वयंपाकघरात होते. माझे हात आपोआप गॅस बारीक करायला गेले होते. गॅस पुन्हा मोठा केला आणि भाजी हलवत राहिले. तेव्हा मला रडू आलं, कांदा चिरलेला नव्हता तरी. नवऱ्याने विचारलं काय झालं, मी म्हटलं मिरची लागली.

लाईट जावी म्हणून मी देवाला साकडं घातलं असं म्हणणार नाही. देव तसाही माझ्या बाजूचा नव्हता. पण सोसायटीच्या बोर्डावर दुरुस्तीची सूचना लागली की मी ती दोनदा वाचायची.

आणि एका महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी लाईट गेली. बँकेला सुट्टी, मी घरी. धाकटीला कसलंतरी काम होतं म्हणून ती पवईला ऑफिसात. नवरा मुलीला क्लासला घेऊन गेलेला, दीर मित्रांकडे. घरात मी आणि सासूबाई. दुपारी गावच्या देवळात पालखी निघणार होती, आणि सासूबाईंचा भाचा ती व्हिडिओ कॉलवर दाखवणार होता. गुडघ्यांमुळे त्यांचं गावी जाणं थांबलंय, तेव्हापासून त्या पालखीचं दर्शन असंच घेतात, घरच्या नेटवर, कारण त्यांच्या सिमला नेटचा पॅक नाही. सकाळपासून नवं लुगडं नेसून तयार.

लाईट तासाभराने आली. पंखे फिरले, राउटरचे दिवे लागले, फ्रीज घरघरला. फोनवर मात्र नेट येईना. माझ्या फोनवर चक्र फिरत राहिलं आणि थांबलं: नंबर मिळत नाही. मी पीठ मळत होते. हात तसेच ठेवून मी पाडलेल्या भिंतीपलीकडे वाकून बघितलं, तर काळ्या डब्याचा दिवा विझलेला. लाईट आली तरी डबा आपला आपण उठला नव्हता.

मला जे झालं त्याला आनंदच म्हणतात. अन्न शिजलेलं आणि घर उपाशी, मी म्हटलं होतं की नाही? मी परातीशी येऊन बसले आणि वाट बघू लागले. आता हाक येणार. घरात दुसरं आहेच कोण? मी मनात उत्तरसुद्धा तयार केलं, जरा वेळ लावून, हात पुसत पुसत द्यायचं.

हाक आली नाही. सासूबाईंच्या फोनची बटणं वाजली आणि मग स्पीकरवर रिंग. त्या फोन कायम स्पीकरवर ठेवतात. चार पावलांवर मी बसलेली असताना त्यांनी पवईला फोन लावला होता.

"गो धाकटे, नेट नाय. पालखी भायर पडात आता."

"लाईट गेली होती का? सर्व्हर उठला नसेल गं. मी इथून काही करू नाही शकत, आये. वहिनी घरी नाहीत का?"

"आसा मा. पण तिका नको सांगूया."

"का?"

"तिका मी सोडवलंय ह्या कामातसून. देवाक इचारून सोडवलंय."

मी पिठाच्या हातांनी तशीच उठले आणि दिवाणासमोर जाऊन उभी राहिले. सासूबाई दचकल्या.

"काय विचारलंत देवाला?" मी म्हटलं. "कौल डब्याचा लावला होता ना?"

"डब्याचो कित्याक लावतलंय? देवाक डब्याचा काय पडलाहा?" सासूबाई म्हणाल्या. "मी इचारलंय, थोरलेच्या मागची ही एक तरी कटकट काढू काय. बँकेतसून येतंस, चुलीकडे जातंस, आणि वरसून सगळे तुकाच हाक मारतत. भाकरी करपता नि तू स्टुलार. ह्या घरात इल्यापासून माका कोणी एकदा सुदिक इचारूक नाय, तू दमलंस काय म्हणान. माका वाटला, तुका तरी कोणीतरी सोडवूक होया. देवान उजवो दिल्यान."

म्हणजे त्या दिवशी देवापुढे माझं नाव गेलं होतं. मी जळत होते, करपलेली भाकरी वाढत होते, आणि या बाई ती खाऊन समाधानाने बसल्या होत्या की सुनेला सुट्टी मिळाली. मला हसावं की रडावं कळेना. पण खरं सांगते, त्या वेळी सगळ्यात जास्त राग आला. डोळ्यांत पाणी आणणारा राग.

"आई, देवाला विचारलंत," मी म्हटलं. "मला का नाही विचारलं?"

"तू रोज कटकट करी होतंस मा गो," सासूबाई हळूच म्हणाल्या. "स्टुलारसून उतरताना रोज. माका वाटला, कंटाळलंस."

करत होतेच मी कटकट. इतकी वर्षं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

त्यांनी दिवाणावर थोडं सरकून माझ्यासाठी जागा केली. "मगे आता इचारतंय. सांग. तुका ता काम होया काय नको?"

"हवंय," मी म्हटलं.

ते इतक्या मोठ्याने म्हटलं की पवईला ऐकू गेलं. फोन स्पीकरवर होता, तो कुणी बंद केलाच नव्हता. तिकडे मागे कुणाच्यातरी खुर्चीची चाकं फिरल्याचं ऐकू आलं. धाकटीने पहिल्यापासून सगळं ऐकलं होतं.

"मग घ्या ना, वहिनी," ती म्हणाली. आवाज जरा वेगळाच होता. "मला वाटलं तुम्ही खरंच वैतागलात. राउटरचा खटका चालू करा. आधी तुमच्या फोनला हाताने नंबर द्यावा लागेल, नाहीतर ते पान..."

"माहितीय मला," मी म्हटलं.

हात न धुताच फोन घेतला. हाताने नंबर टाकला, राउटरचं पान उघडलं, पासवर्ड टाकला आणि खटका चालू केला. फिकट झालेली ओळ पुन्हा ठळक झाली. एकेक जण येऊन बसू लागला. आधी टीव्ही, मग अकरा नंबर. पालखी नुकतीच देवळाच्या पायऱ्या उतरत होती आणि भाचा तिकडून ओरडत होता, "आत्ये, दिसता काय?" सासूबाईंनी फोन कपाळाला लावला. फोनवर पिठाचे माझे ठसे उमटले होते, ते त्यांच्या कपाळालाही लागले.

संध्याकाळी त्यांनी देवासमोर बसून पुन्हा गाऱ्हाणं घातलं, कारण एकदा दिलेला कौल फिरवायचा तर देवाला सांगायला हवं. पुरुष घरी आलेले नव्हते. धाकटी परतीच्या वाटेवर होती, तिला फोनवर घेतलं. "बा देवा म्हाराजा, माजा काय चुकला आसात तर माफ कर. तिका ता काम आवडता." मी तोंड उघडायच्या आत फोनमधून आवाज आला, "व्हय म्हाराजा!" एवढं साधं उत्तरसुद्धा ही माझ्याआधी देते. मला पुन्हा जळायला झालं. ते जळणं काही गेलेलं नाही, आणि जाईल असं मला वाटतही नाही.

आता नंबर राउटर वाटतो. काळा डबा फोटो सांभाळतो आणि गुडघ्याच्या तेलवालीला दाराबाहेर ठेवतो. तो भाग पलीकडचा. धाकटीचा नंबर मी प्रिंटरच्या मागून काढून दिराच्या शेजारी आणला. तिने ते पाहिलं असणार.

नेट गेलं की सासूबाई दिवाणावरून ओरडतात, "गो थोरले!" मी तव्यावरची भाकरी सोडून स्टुलावर चढते. उतरताना कटकटही करते, की या घरात एकाही माणसाला राउटरला हात लावता येत नाही, सगळं मेलं मीच बघायचं. पलीकडे धाकटी घरी असेल तर जरा जास्तच मोठ्याने करते.